टस्कनीत भाड्याची गाडी: कुठून घ्यावी, कुठे परत करावी आणि काउंटरवर काय काय विचारतात?

दिवेघाट

येत्या सप्टेंबरच्या अखेरीस मी, पत्नी आणि माझी आई असे तिघे जण इटलीला जात आहोत. फ्लॉरेन्स आणि रोम ही शहरे पायी आणि ट्रामने पाहायची हे ठरलेले आहे; प्रश्न मधल्या पाच दिवसांचा आहे. ते पाच दिवस आम्ही पिएन्झा गावाजवळच्या एका शेतघरात राहणार आहोत. तिकडे अशा मुक्कामाला आग्रितुरिस्मो म्हणतात. तिथे जाणाऱ्या बस मोजक्याच आहेत आणि आईच्या गुडघ्यांची अवस्था पाहता थांब्यापासून दीड किलोमीटर मातीच्या रस्त्याने चालणे तिला जमणार नाही. त्यामुळे गाडी भाड्याने घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पुण्यात मी बावीस वर्षे गाडी चालवत आहे आणि पालखीच्या दिवसांतही घाट चढलेलो आहे, परंतु परदेशात एकदाही चालवलेली नाही. सध्याची योजना अशी आहे की फ्लॉरेन्सला उतरताच शहरातल्या कचेरीतून गाडी घ्यावी, तीन दिवस ती हॉटेलपाशी ठेवावी, मग पिएन्झाला जावे आणि शेवटी रोमच्या तेर्मिनी स्थानकावर ती परत करावी. परवाना, विमा आणि उजव्या बाजूने गाडी चालवणे या तिन्ही बाबतींत मी अगदी कोरा आहे. ज्यांनी तिकडे स्वतः गाडी चालवली आहे त्यांनी योजनेतल्या चुका दाखवाव्यात, ही विनंती.

शांभवी_मिलान

मी अकरा वर्षांपासून मिलानला राहते आणि दर वर्षी भारतातून येणाऱ्या कोणाची तरी अशीच योजना मोडून पुन्हा बांधून देते. तुमच्या योजनेचा मधला भाग उत्तम आहे. चूक दोन्ही टोकांना आहे.

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी झोना आ त्राफ्फिको लिमितातो, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग असतो. सगळे जण त्याला झेडटीएल म्हणतात. तिथल्या रहिवाशांच्या आणि परवानगी घेतलेल्यांच्या गाड्यांनाच त्या विभागात प्रवेश असतो. वेशीवर पोलीस नसतो, फाटक नसते. पांढऱ्या चकतीभोवती लाल कडे असलेली पाटी आणि तिच्यावर एक कॅमेरा, एवढेच असते. तो कॅमेरा गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र घेतो आणि यादीत तो क्रमांक नसेल तर दंड लागतो. विभाग चालू असण्याच्या वेळा शहरागणिक वेगळ्या आहेत. काही ठिकाणी दिव्यांची पाटी असते आणि तिच्यावर 'वार्को आत्तीव्हो' असे लिहिलेले असेल तर वेस त्या क्षणी चालू आहे असे समजावे. यातली खरी फसगत अशी आहे की 'आत्तीव्हो' हा शब्द वाचून नवख्या माणसाला रस्ताच चालू आहे असे वाटते आणि तो खुशाल आत शिरतो.

तुमचे हॉटेल फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात असेल तर ते निश्चितच या विभागात आहे. हॉटेलवाले सामान उतरवण्यापुरता तुमच्या गाडीचा क्रमांक नोंदवून देऊ शकतात, परंतु ते स्वतःहून करतीलच असे गृहीत धरू नये. शिवाय तीन दिवस गाडी उभी करून ठेवण्याचे वाहनतळाचे भाडे आणि गाडीचे भाडे असे दोन्ही भरायचे, आणि फ्लॉरेन्स तर पायीच पाहायचे, हा व्यवहार मला समजत नाही. रोमबद्दल एवढेच सांगते की मी स्वतः तिथे गाडी नेत नाही.

कऱ्हाकाठ

शांभवीताईंनी सांगितले ते मी पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी टस्कनीतल्या एका लहान शहरात आमचे हॉटेल सापडेना म्हणून नकाशा सांगेल तसे आम्ही एकाच चौकातून तीन फेऱ्या मारल्या. त्या चौकात वेस होती. सुट्टी संपली, परत आलो, आणि दोन महिन्यांनी क्रेडिट कार्डावर गाडीच्या कंपनीने पंचेचाळीस युरोंच्या तीन रकमा घेतल्याचे दिसले. मला वाटले की हाच दंड असेल, म्हणून चरफडत का होईना विषय संपला असे मानले. प्रत्यक्षात ती रक्कम कंपनीने आमचे नाव आणि पत्ता पोलिसांना कळवण्याची हमाली म्हणून कापलेली होती, आणि करारनाम्यात ते कलम स्पष्ट लिहिलेले होते. मूळ दंडाची पत्रे त्यानंतर कित्येक महिन्यांनी टपालाने घरी आली, तीही तीन वेगवेगळी, कारण तेव्हा प्रत्येक प्रवेश हा स्वतंत्र गुन्हा धरला जात असे.

शांभवी_मिलान

कऱ्हाकाठ यांच्या अनुभवात थोडी भर घालते. परदेशी राहणाऱ्या व्यक्तीला नोटीस पाठवण्यासाठी तिथल्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिलेली आहे, त्यामुळे वर्षभराने पत्र आले तरी ते बनावट आहे असे समजू नये. झेडटीएलचा दंड ८३ युरोंपासून सुरू होतो आणि नोटीस हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरला तर त्यात तीस टक्के सूट मिळते. साठ दिवस उलटून गेले की रक्कम बरीच वाढते.

आता दिवेघाट यांच्या योजनेबद्दल सांगते. फ्लॉरेन्स मनसोक्त पाहून घ्या आणि निघायच्या दिवशी सकाळीच गाडी ताब्यात घ्या. शहरातल्या बऱ्याच कचेऱ्या बोर्गो ओन्यिसांती या रस्त्याच्या आसपास आहेत. तिथून गाडी घेतली तर पहिल्या पाच मिनिटांतच झेडटीएलच्या कडेकडेने वाट काढावी लागते. त्यापेक्षा सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकाजवळून टी-टू ट्राम पकडून पेरेतोला विमानतळावर जा. गाड्यांच्या कंपन्यांची आवारे विमानतळापासून थोडी दूर आहेत आणि तिथवर नेणारी बस असते. तिथून महामार्ग जवळच आहे, त्यामुळे जुन्या शहराचे तोंडही पाहावे लागत नाही.

परतीसाठी माझा आग्रह ओर्व्हिएतो या गावाचा आहे. पिएन्झाहून ते सव्वा-दीड तासावर आहे, महामार्गाला लागून आहे, रेल्वे स्थानक डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि गाडी परत घेणाऱ्या कचेऱ्या स्थानकाच्या परिसरातच सापडतात. तिथून रोमची आगगाडी साधारण सव्वा तासात पोहोचवते. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी परत करण्याचा जादा आकार लागतो, तो आरक्षणाच्या वेळीच एकूण रकमेत धरलेला आहे ना हे पाहून घ्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कचेरीच्या वेळा. लहान गावांतल्या कचेऱ्या दुपारी दोन-तीन तास बंद असतात, शनिवारी अर्धा दिवस चालतात आणि रविवारी बहुधा उघडतच नाहीत. तुमचा परतीचा वार कोणता आहे?

दिवेघाट

परतीचा वार रविवार होता. आपले उत्तर वाचून शेतघराच्या मालकिणीला लिहिले आणि मुक्काम दोन दिवस अलीकडे ओढून घेतला. आता शुक्रवारी सकाळी गाडी परत करायची आहे. आता परवान्याबद्दल कोणी सांगेल का? माझ्याकडचे स्मार्ट कार्ड इंग्रजीत आहे, तेवढे पुरेल का? आणि पत्नीचे नावही दुसरी चालक म्हणून घालावे असा विचार आहे.

सातूचे_पीठ

इटलीत इंग्रजी परवाना पुरत नाही. त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला आयडीपी, किंवा परवान्याचे अधिकृत इटालियन भाषांतर बाळगावे लागते. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा सदस्य आहे आणि आपला आयडीपी त्या करारानुसार दिला जातो. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर करायचा असतो, शुल्क एक हजार रुपये आहे, आणि परवाना एक वर्षापुरता असतो. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर आयडीपीही तेव्हाच संपतो. माझ्याकडून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची प्रत मागितली होती, म्हणून व्हिसा हाती आल्याबरोबर अर्ज करावा हे बरे. आणि मूळ कार्ड घरी ठेवून नुसती पुस्तिका घेऊन जाऊ नका. आयडीपी म्हणजे परवान्याचे भाषांतर आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला काही अर्थ उरत नाही.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत मात्र मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण या खड्ड्यात मी स्वतः पडले आहे. माझा वाहन परवाना मी कॉलेजात असताना काढलेला होता, त्यामुळे त्यावर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव होते. पासपोर्ट लग्नानंतर काढला, त्यावर सासरचे नाव आणि नवऱ्याचे नाव आले. क्रेडिट कार्डावर बँकेने आपल्या सोयीने आद्याक्षरे आणि आडनाव छापले. आपल्याकडे हे इतके सर्रास चालते की तीन कागदांवर तीन नावे असलेली बाई एकच आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका येत नाही. तिकडच्या काउंटरवरच्या मुलीने मात्र तिन्ही कागद एका ओळीत मांडले आणि अत्यंत नम्रपणे सांगितले की या तीन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत. माझ्याकडे विवाह नोंदणीचा दाखला होता, पण तो मराठीत होता. शेवटी दहा दिवस एकट्या नवऱ्याने गाडी चालवली आणि मी नकाशा वाचत बसले, आणि आमच्या घरात मी गाडी अधिक चांगली चालवते हे त्यालाही मान्य आहे.

आयडीपीवर नाव मूळ परवान्याच्या नोंदीवरून येते, म्हणून नुसता आयडीपी काढून हा घोळ सुटत नाही. आधी परवान्यावरचे नाव बदलून घ्यावे, कार्ड हाती येऊ द्यावे आणि मग आयडीपीचा अर्ज करावा. तुमच्या हाती अजून वेळ आहे, तेव्हा आजच तिचा परवाना कपाटातून काढून पाहा.

दिवेघाट

पाहिला. माहेरचे नाव आहे. आपले उपकार कसे फेडावे हे कळत नाही. उद्याच अर्ज करतो.

हिशेबनीस

परवान्याचा विषय मार्गी लागला असेल तर पैशांकडे वळू, कारण काउंटरवरची खरी लढाई तीच असते.

गाडीच्या भाड्यात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असतोच, कारण तो कायद्यानेच सक्तीचा आहे. भाड्याच्या गाडीला झालेल्या नुकसानीसाठी दुसरे संरक्षण असते, परंतु ते पूर्ण नसते. एका ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान भाडेकरूने सोसायचे आणि त्यावरचे कंपनीने, असा तो करार असतो. आपण सोसायच्या या रकमेला इटलीत फ्रांकिजिया म्हणतात आणि साध्या छोट्या गाडीलाही ती हजार-दीड हजार युरोंच्या घरात असू शकते. तेवढी किंवा त्याच्या आसपासची रक्कम कंपनी गाडी देताना तुमच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवते. पैसे खात्यातून जात नाहीत, पण कार्डाच्या मर्यादेतली तेवढी जागा व्यापली जाते. म्हणून दोन लाखांची मर्यादा असलेल्या कार्डावर हॉटेलची बिलेही भरायची असतील तर आधीच बेरीज-वजाबाकी करून ठेवावी.

हे कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे असावे लागते. डेबिट कार्ड अनेक कंपन्या नाकारतात आणि प्रवासासाठी आपण जे फॉरेक्स कार्ड भरून नेतो ते अनामतीसाठी सहसा चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डे परदेशातल्या व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच हाती येतात, त्यामुळे बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सोय स्वतः चालू करावी लागते आणि मर्यादाही वाढवावी लागते. पिन पाठ असावा. यंत्रावर रुपयांत की युरोंत असा प्रश्न आला तर डोळे मिटून युरो निवडावे. रुपयांचा पर्याय घेतला तर बदलाचा दर समोरचा ठरवतो आणि तो कधीही आपल्या सोयीचा नसतो.

राहता राहिला प्रश्न काउंटरवर गळ्यात मारल्या जाणाऱ्या शून्य-जबाबदारीच्या विम्याचा. त्याचे दर दिवसाचे आकार पाहिले तर पाच दिवसांत ते मूळ भाड्याच्या बरोबरीला येतात. त्याऐवजी घरूनच एखाद्या स्वतंत्र विमा कंपनीकडून फ्रांकिजियाची भरपाई देणारी पॉलिसी घ्यावी, ती कितीतरी स्वस्त पडते.

कऱ्हाकाठ

हिशेबनीस यांचा हिशेब कागदावर बरोबर आहे, परंतु दिवेघाट यांना मी उलटा सल्ला देईन. स्वतंत्र पॉलिसी ही भरपाई देणारी असते, म्हणजे ओरखडा निघाला तर आधी तुम्ही भाडे कंपनीला पैसे भरायचे, मग पावत्या, नुकसानीचा अहवाल, करारनामा असे सगळे गोळा करून विमा कंपनीकडे मागायचे. अनामतही पूर्ण अडकते. पहिल्यांदाच डाव्या बाजूच्या सुकाणूवर बसणारा माणूस, सोबत वयस्कर आई, दगडी भिंतींमधले अरुंद रस्ते, असा सगळा योग असताना मी काउंटरवरचा पूर्ण विमा घेईन आणि पाच दिवस शांत झोपेन. शांत झोपेलाही काही किंमत असते.

हिशेबनीस

झोपेची किंमत मला मान्य आहे, पण विकत घेतलेली झोप पूर्ण आहे का हे तरी वाचून घ्यावे. पूर्ण विमा म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक करारांत टायर, काचा, गाडीचे छत आणि खालची बाजू वगळलेली असते, आणि चुकीचे इंधन भरल्याचे नुकसान तर जवळपास सगळेच वगळतात. पिएन्झाच्या परिसरात पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत आणि शेतघरे नेमकी त्याच रस्त्यांवर असतात. तिथे नुकसान झाले तर ते टायरचे किंवा खालच्या बाजूचेच व्हायचे. म्हणून काउंटरवर 'पूर्ण' या शब्दावर विसंबून न राहता टायर आणि खालची बाजू धरली आहे का, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर करारनाम्यात बोट ठेवून दाखवायला सांगावे.

आणखी एक. किल्ली घेण्यापूर्वी गाडीभोवती फिरून चारही बाजू, चाकांच्या कडा, छत आणि इंधनाचा काटा यांचे चलच्चित्र घ्यावे. परत करतानाही तसेच करावे.

माळरान

मी दोनदा टस्कनीत गाडी चालवली आहे, म्हणून प्रत्यक्ष चालवण्याबद्दल लिहितो.

उजव्या बाजूने जाण्याची सवय लोकांना वाटते त्याहून लवकर होते, कारण समोरून येणारी वाहने तुम्हाला आपोआप जागेवर ठेवतात. चूक होते ती रस्ता रिकामा असताना: सकाळी शेतघराच्या फाटकातून बाहेर पडताना किंवा पेट्रोल भरून पुन्हा रस्त्याला लागताना हात नकळत डावीकडे वळवतो. त्या दोन क्षणी शेजारी बसलेल्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचे, असा आमच्या गाडीत नियम होता. दुसरी खोड म्हणजे गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला अधिकाधिक सरकत जाते, कारण आपल्या डाव्या हाताला किती गाडी आहे याचा बावीस वर्षांचा अंदाज तिथे उलटा पडतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिकडे ती डावीकडे असते. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर तुम्ही लख्ख उन्हात वायपर चालवणार हे निश्चित आहे. गिअर उजव्या हाताने टाकणे अवघड नाही, पण इतक्या गोष्टी एकदम शिकण्यापेक्षा ऑटोमॅटिक गाडी मागून घ्यावी. तिथे त्या कमी असतात आणि महाग पडतात, म्हणून आरक्षण लवकर करावे.

गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे आणि आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, हा नियम तिथले लोक खरोखर पाळतात. तुम्ही बिचकून चौकाच्या आत थांबलात तर मागचा माणूस गोंधळतो. महामार्गावर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा असते, पाऊस असेल तर ११०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ९० आणि वस्तीत ५०. काही महामार्गांवर 'तूतोर' नावाची यंत्रणा दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजते, त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबण्याची मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची हातचलाखी तिथे उपयोगी पडत नाही. गावाबाहेर दिवसाही पुढचे दिवे लावून चालवायचे असते.

फ्लॉरेन्स ते सिएना हा चौपदरी रस्ता टोलमुक्त आहे, पण अरुंद आणि वळणावळणाचा आहे. पहिल्याच दिवशी हात बसवायला ए-वन महामार्ग बरा. टोलनाक्यावर शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. पिवळ्या पाटीची तेलेपास मार्गिका चुकूनही घ्यायची नाही, कारण ती आपल्या फास्टॅगसारखी आहे. कार्डाचे किंवा नोटा-नाण्यांचे चित्र असलेली मार्गिका शोधायची. यंत्राने कार्ड घेतलेच नाही तर मागे येऊ नका, मदतीचे बटण दाबा. ते न भरलेल्या टोलची चिठ्ठी छापून फाटक उघडतात आणि ती रक्कम पंधरा दिवसांत भरता येते.

इंधनाबाबत एकच धोक्याची सूचना आहे. बेंझिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलिओ म्हणजे डिझेल. गासोलिओ हा शब्द वाचून आपल्याला गॅसोलीन आठवते आणि तिथेच घात होतो. पंपावर 'सेर्व्हितो' लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि दर चढा असतो; स्वतः भरण्याच्या बाजूचे यंत्र कार्डावर शंभर युरो अडवते आणि नंतर खऱ्या रकमेएवढेच घेते, त्यामुळे बँकेचा संदेश पाहून घाबरू नका.

गाडी उभी करताना निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे फुकट आणि पिवळ्या म्हणजे आपल्यासाठी नव्हेत. मॉन्टेपुल्चानोला तटाबाहेर क्रमांक लिहिलेले वाहनतळ आहेत, पण तिथून गावात जायला चांगलाच चढ आहे. आईंसाठी गावातली छोटी बस शोधा. त्यांना खरोखर आवडेल असे ठिकाण म्हणजे बान्यो व्हिन्योनी: सपाट आहे आणि गावाच्या चौकात चौकच नाही, गरम पाण्याचे कुंड आहे.

दिवेघाट

परत येऊन आठवडा झाला. धाग्याचे ऋण आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पत्नीच्या परवान्यावरचे नाव बदलून आले, त्यानंतर दोघांचे आयडीपी काढले. काउंटरवर दोन्ही पुस्तिका आणि दोन्ही मूळ कार्डे मागितली. दुसऱ्या चालकाचे दर दिवसाचे वेगळे पैसे पडले, आणि ते सत्कारणी लागले, कारण तिसऱ्या दिवसापासून जवळपास सगळी गाडी तिनेच चालवली. मी उजव्या कडेला सरकत होतो आणि आई मागून प्रत्येक कठड्यापाशी 'अरे, भिंत' म्हणत होती. विम्याच्या वादात मी दोघांचेही अर्धे अर्धे ऐकले. हिशेबनीस यांचा टायरचा प्रश्न विचारला, तेव्हा पूर्ण म्हणवणाऱ्या विम्यात टायर नाहीत असे निघाले. टायरांसह असलेला वरचा पर्याय घेतला. महाग पडला आणि एकही ओरखडा आला नाही, त्यामुळे तो घेतल्याबद्दल घरात अजून बोलणी खातो आहे.

आरक्षण छोट्या गाडीचे होते. तीन मोठ्या बॅगा मागे बसेनात, म्हणून एक बॅग आईच्या शेजारी पट्ट्याने बांधून नेली. पुढच्या माणसाने गाडीची वर्गवारी निवडताना प्रवाशांची नव्हे तर बॅगांची संख्या मोजावी. ओर्व्हिएतोला शुक्रवारी साडेबाराला पोहोचलो. कचेरी एक वाजता बंद होणार होती, म्हणजे पेट्रोल भरायला आणखी एका चौकाचा वळसा पडता तर किल्ली हातात घेऊन दुपारभर बसावे लागले असते. बान्यो व्हिन्योनीला गावाखालच्या ओहळात आई पाऊण तास पाय सोडून बसली होती. माळरान यांना तिने आशीर्वाद सांगितले आहेत.

एकच धाकधूक उरली आहे. चौथ्या दिवशी एका गावात पाव पोहोचवणाऱ्या टेम्पोच्या मागोमाग वळलो आणि आरशात लाल कड्याच्या पाटीची पाठ दिसली. शंभर मीटरवर बाहेर आलो.

हिशेबनीस

अनामत सुटली का? आणि कार्डावरच्या रकमांकडे पुढचे काही महिने लक्ष ठेवावे. आधी कंपनीची हमाली येईल.

दिवेघाट

अनामत अकराव्या दिवशी सुटली. हमालीची वाट पाहत आहे.

दिवेघाट

आठ महिन्यांनी धागा वर काढत आहे. हमाली नोव्हेंबरात कापली गेली होती आणि काल रजिस्टर टपालाने पत्र आले. त्यात आमच्या गाडीचा क्रमांक, वेशीचे नाव आणि मिनिटासकट वेळ दिलेली आहे, आणि मजकूर इंग्रजीतही आहे. मूळ दंड ८३ युरो; पाच दिवसांच्या आत असल्यामुळे ५८ युरो १० सेंट आणि त्यावर टपालाचा खर्च एवढे आज संकेतस्थळावर कार्डाने भरले. पत्रात गाडी कोण चालवत होते हेही विचारलेले नव्हते. नोटीस करारनाम्यातल्या मुख्य चालकाच्या, म्हणजे माझ्या नावावर आहे. त्या दिवशी सुकाणू पत्नीच्या हातात होते ही गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, घरी काढण्याची हिंमत नाही.